जुना खण कोण पुसणार

बुध., ५ फेब्रु.
बसवराजने आज मला तोंडघशी पाडलं. आमच्या ऑफिसातला टेस्टर, माझा कोड फोडून बघणं हेच त्याचं काम. माझ्या कोडने डिजिटल सही केली, गुप्त किल्लीचं काम संपलं. त्याने मेमरीचा डंप काढला, म्हणजे आत जे काही उरलंय त्याची नक्कल, तर सहाशे आकडी किल्ली आत पडलेली, अर्धी. मी तर वापर झाला की शून्यं भरून पुसते! आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, मंगळवारपर्यंत जमलं नाही तर तुझ्या कोडऐवजी बाहेरची तयार लायब्ररी घेऊ. म्हणजे माझी दोन वर्षं पाण्यात.

शुक्र., ७
पुसायची ओळ शंभरदा वाचली. बरोबर आहे. किल्ली उरतेच. जेवणावर लक्ष नाही, आईशी उगाच भांडले.

रवि., ९
दुर्गदबैलच्या बाजारात, आमच्या अप्पांच्या कापडदुकानी मदतीला. एका लग्नघराचा बस्ता कपाटाच्या खणात मावेना, मी मोठ्या खणात हलवला. जुन्या खणावर खडूने लिहिलेली साड्यांची यादी तशीच राहिली. नेमकी व्याह्यांनी वाचली. नवरीसाठी लपवून ठेवलेला शालू उघडा पडला. अप्पा भडकले. "माल हलवला म्हंजे झालं न्हाई. जुना खण कोण पुसणार?"
गिऱ्हाइकांसमोर मला हसू आवरेना. अप्पांना वाटलं, पोरगी कामातून गेली. अहो, हेच तर! हिशोबात किल्लीची संख्या वाढली की तिला मेमरीत मोठी जागा मिळते, नक्कल तिकडे जाते, जुनी जागा न पुसताच सोडली जाते. म्हणून अर्धी किल्ली! मी पुसत होते ती फक्त शेवटची जागा.

सोम., १०
बदललं. आधी नवी जागा, मग नक्कल, मग जुनीत शून्यं, तेव्हाच ती सोडायची. चार ठिकाणी हीच चूक केली होती. बाई गं.

मंगळ., ११
बसवराजने दहादा डंप काढला, मॅडम मागे उभ्या. मी खिडकीतून उणकलचं तळं बघत बसले. शेवटी तो म्हणाला, "एनू सिगलिल्लरी." काहीच सापडलं नाही! हे त्याच्या तोंडून दोन वर्षांत पहिल्यांदा. लायब्ररी माझीच राहणार. मॅडमनी सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी मागवली.
खाता खाता त्याने विचारलं, मेमरी कमी पडली की मशीन त्यातलं काही डिस्कवर टाकतं, तिथं बघितलंस का?
नाही बघितलं. उद्या बघते. किल्ली तिथं असली तर तिथूनही हाकलीन.