बिगुलानंतरचा गूळ

बाबा, आज सकाळी लोणारकडच्या एका खेड्यात जवानाला शेवटची मानवंदना होती आणि संध्याकाळी बुलढाण्याच्या चर्चमध्ये नाताळची गाणी. तुमच्यामागून मी पोलीस बँडमध्ये आले त्याला बरीच वर्षं झाली, पण दोन्ही कामं एकाच दिवशी माझ्यावर पहिल्यांदाच आली. तुमच्यावर आली होती, ते मला चांगलं आठवतं. सलामीचा बिगुल वाजवून तुम्ही घरी येता, गणवेशातच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसता, चूळ भरता आणि गुळाचा खडा तोंडात धरता. आई म्हणते, "जेवून तं घ्या." तुम्ही म्हणता, "आधी तोंड बदलू दे. मयतीचं तोंड घेऊन लोकायच्या सणाले जाऊ काय?" पुढं मी ट्रम्पेट शिकताना नाताळचं गाणं जरा रेंगाळलं, की तुम्ही खेकसायचात, "कोन मेलं व? बाळ जलमलं हाये तिथं. पाय उचल जरा." तेव्हापासून डब्याबरोबर गूळ नेते. बँडमधली पोरं हसतात, हसू देत.

आज बिगुल चुकला नाही. शेवटचा सूर संपला, आम्ही सावधान उभे होतो, आणि जवानाची आई माझ्यासमोर येऊन म्हणाली, "झालं काय व बाई? एवढंच?" सावधानमध्ये बोलता येत नाही. वाईट वाटलं, बाबा.

चर्चमध्ये बाळ येशूची गव्हाणी मांडलेली, लेकरं नव्या कपड्यांत. मी गाणं उचललं आणि ते सावकाशच निघालं. ढोलवाल्यानं दोनदा माझ्याकडं पाहिलं, मग मुकाट्यानं हात आवरला. आता ही माणसं काय म्हणतील, याचीच धास्ती होती. पण लोक माझ्याच चालीनं गाऊ लागले, कोणी पुढं पळालं नाही. नंतर पहिल्या बाकावरची म्हातारी केकची बशी घेऊन आली. म्हणाली, "तुही माय गेली ना, त्या साली तुह्या बाबानं बी असंच वाजवलं होतं. आम्हीबी तसंच म्हटलं मंग." त्या वर्षी मी मामाकडं होते. तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत, आणि वर मलाच पाय उचलायला लावत राहिलात.

हे पत्र कुठं टाकणार? ट्रम्पेटच्या पेटीत ठेवून देते. एक सांगायचं राहिलं. आज गूळ विसरले नव्हते. त्या माउलीनं 'एवढंच?' विचारलं होतं, म्हणून तिच्या लेकासाठी चर्चमध्येही अजून थोडं वाजवावंसं वाटलं. खडा तसाच कागदात बांधलेला आहे, गणवेशाच्या खिशात.