मशीनला उत्तर देणारा

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. मेले असते तर तुझ्या बापाने लिहिलं असतं आणि ते दोन ओळींत आटोपलं असतं. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, उरलेलं अर्धं तू गिळतेस, आणि तुझा बाप शेजारी कात्री घेऊन उभा असतो, जसं काही माझी जीभच कापायची आहे. म्हणून लिहायला बसले. तुझ्या दवाखान्यात रात्रपाळी असेल तर आधी झोप काढ, मग वाच.

इकडची खबर सांगते. पुढे आपल्या दुकानात शिलाई मशीन बंद आहे. बिघडलेलं नाही, बंद आहे. तो जाडा कोटवाला दोन चकरा मारून गेला. कोटाला एकच बाही लावलेली, दुसरी खुंटीवर लोंबतेय. तुझा बाप सकाळी मशीन पुसतो, तेल घालतो, दोरा ओवतो, पायडलवर पाय ठेवतो आणि तसाच बसून राहतो. तुझी आई गेली तेव्हासुद्धा हा माणूस चौथ्या दिवशी मापं घेत होता. लोक म्हणाले, दगड आहे. मी म्हटलं, दगड नाही, शिंपी आहे, टाका आतून घालतो.

मशीन का बंद, ते तुला कळायला हवं. पिंजऱ्यातला मुकादम होता तोवर मशीन चाललं की तो आतून उत्तर द्यायचा. यानं लांब शिवण घातली की त्यानं लांब कर्रर्र करायचं, यानं काज केलं की त्यानं तुटक तुटक. मग तुझा बाप मुद्दाम रिकामंच मशीन फिरवायचा, कापड नसताना! मी ओरडायचे, अरे, पाखराबरोबर गप्पा मारतोस आणि आईला हूं म्हणायला तुला जड जातं. आता मशीन एकटंच वाजतं. ते त्याला सोसत नाही.

तू ती पाखरांची जोडी आणलीस तेव्हा मीच सगळ्यात जास्त तोंड वाजवलं होतं. या घरात दोन पायांची दोन जनावरं आहेत तेवढी पुरे, म्हटलं होतं. तू म्हणालीस, आजी, मी नोकरीला गेले की तुम्ही दोघं भुतासारखे बसाल, घरात आवाज नको का? आणि पिंजरा स्वयंपाकघरात खिडकीशी टांगलास, मला भांडायला सोबत म्हणून. हिरवा उगाच सगळ्यांवर देखरेख करायचा, म्हणून तो मुकादम. निळी मान वाकडी करून दुसऱ्यांच्या घरातलं ऐकायची, ती मावशी. मी भाजी निवडताना तिला पाल्याचा शेंडा द्यायचे. तुला कधी सांगितलं नाही. नाहीतर म्हणाली असतीस, म्हातारी विरघळली.

आता त्या दिवसाचं. तुला फोनवर जे कळलं ते बापाने सांगितलेलं. मी सांगते ते मी पाहिलेलं. सकाळी त्याने अंडं करायला तवा गॅसवर ठेवला. तू पहिल्या पगारातून पाठवलेला तो काळा तवा, ज्याला काही चिकटत नाही. त्याचं कौतुक त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला इतकं ऐकवलं होतं की लोक कपडे टाकून पळायचे. तवा ठेवला आणि पुढून हाक आली. एका बाईंच्या जाकिटाची चेन हनुवटीपाशी अडकलेली, ना वर ना खाली, डोळे बाहेर आलेले. मी हसतेय, बाई चिडतेय, तुझा बाप मेण लावून चेन सोडवतोय. बराच वेळ गेला. तव्याची आठवण कोणालाच नाही. असेना का, आपल्याकडे लोखंडी तवा असाच तापत ठेवायचा असतो. रिकामा तवा चांगला तापू द्यावा, मग वर काही टाकावं, हे त्याला लहानपणी मीच शिकवलं.

तो आत गेला आणि खिडकी उघडल्याचा दणका ऐकू आला. मी आत गेले. धूर नाही, काही करपलं नाही, किंचित वास. मावशी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली. मुकादम चोचीने गजाला धरून लोंबत होता, शेपूट वरखाली, वरखाली. तुझ्या बापाने त्याला तळव्यावर घेतलं आणि खिडकीबाहेर हात धरून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने हात आत घेतला. शेपूट थांबलं होतं.

संध्याकाळी तू फोन केलास. तो म्हणाला, माझ्याकडून खिडकी उघडी राहिली, गार वारा लागला. आणि तू म्हणालीस, दोन पाखरं सांभाळता आली नाहीत तुम्हाला, आईलाही असंच सांभाळलंत. बहिरी असले तरी एवढं मला ऐकू आलं. तो म्हणाला, हो. बस, हो. त्या दिवसापासून तू फोन करतेस ती मला. त्याला नाही.

ठमे, वारा नव्हता. तुझ्या फोनच्या आधीच तो दोघांना बटणांच्या डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, मी हट्टाने मागोमाग गेले. बाईंनी विचारलं, घरात रंग लावला का, औषध फवारलं का, नवीन भांडं आणलं का. मग सांगितलं, तसल्या तव्याचा लेप जास्त तापला की हवा विषारी होते, माणसाला कळतही नाही, पण अशा पाखरांची छाती केवढीशी, ती काही मिनिटांत जातात. भांडं विकणारा सांगत नाही, घेणाऱ्याला ठाऊक नसतं. दाराबाहेर आल्यावर तुझ्या बापाने मला शपथ घातली, पोरीला हे कळता कामा नये, तिच्या पहिल्या पगाराचा तवा आहे, तिचा माझ्यावरचा राग चालेल मला. तवा पुसून, तुझ्या खोक्यात घालून त्याने कपाटावर ठेवलाय. टाकवत नाही, बघवत नाही.

ती शपथ मी आज मोडली. तुझा तवा, माझी शिकवण, त्याचा हात. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं, आणि पाखरं गेली. हे तुला जड जाईल, मला माहीत आहे. रड. पण तीन माणसांचं ओझं तो एकटा वाहतोय, आणि वर तुझे शब्द. तू मोठी झालीस, तुझा वाटा तू उचल. हे वाचून झालं की त्याला फोन कर. आजीने सगळं सांगितलं म्हणून सांग. तो माझ्यावर भडकेल, आरडाओरडा करेल, शपथ मोडली म्हणून चार दिवस बोल लावेल. लावू दे. मी तेवढ्यासाठीच तर लिहिलं. घरात आवाज नाही गं.

तुझीच,
तोंडाळ आजी