पुढची खोली, न्हाणीघरासह

मी, खाली सही करणारा, गाद्या-उशा भरून शिवण्याचा धंदा करणारा, वय वर्षे चोपन्न, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला कोणी भरीला घातलेलं नाही. मला भरीला घालणं किती सोपं आहे ते गल्लीत कोणालाही विचारावं. वकिलांनी मसुदा पाहून "बरोबर आहे, पण लांबलाय" असा शेरा दिला. लांबी मी ठरवली आहे. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, परंतु कायद्याचं पुस्तक या कामासाठी पहिल्या पानापासून वाचलं. छातीत वर्षानुवर्षांचा कापूस बसल्याने खोकला जात नाही, म्हणून हे आताच लिहितो. बाकी प्रकृती ठीक.

लग्न मी केलं नाही. माझ्यामागे दोघं: थोरली बहीण, जिला सगळेच आक्का म्हणतात, आणि धाकटा भाऊ.

कलम १. रुग्णालयामागच्या गल्लीतलं माझं राहतं घर, म्हणजे रस्त्याकडची पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि परसातलं न्हाणीघर, हे सर्व आक्काला द्यावं. कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी "त्याचं डोकं फिरलं होतं" म्हणायला नको.

आक्का इथून दिवसभराच्या बसप्रवासावर, सासरच्या गावी राहायची. नवरा गेला तरी तिथेच राहिली. पाळी जाऊन कित्येक वर्षं लोटल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. ही गोष्ट सांगायची कोणाला, म्हणून तिने कोणाला सांगितली नाही. शेवटी गावातल्या दवाखान्यात गेली, तर तिथल्या डॉक्टरांनी न तपासता ताकदीचं औषध दिलं, आणि देतच राहिले. मी तिला इथे आणली तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. बरा होण्यासारखा होता. झाला.

कलम २. त्या ताकदीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या माळ्यावर खोक्यात आहेत. त्या गावच्या डॉक्टरांना परत कराव्यात. धुऊन कराव्यात.

कलम १ चा उरलेला भाग. या आजारात किरणांचा उपचार असतो, त्याला बायका शेक म्हणतात. तो रोज थोडा थोडा, कित्येक आठवडे घ्यावा लागतो आणि मध्ये सोडला तर केलेलं पाण्यात जातं. एवढ्या मोठ्या मुलखात शेकाचं यंत्र एकच, ते आमच्या घरामागच्या रुग्णालयात. लांबून आलेल्या बायका बाहेरच्या बाकांवर झोपत. आक्काच्या शेजारच्या बाकावर एक होती, शेक सोसत होती, गप्पाही मारायची. एके दिवशी ती दिसली नाही. सिस्टरांनी सांगितलं, राहायची सोय नाही म्हणून गावी गेली. उपचार निम्म्यावर आला होता.

आक्का घरी येऊन मला म्हणाली, "पुढच्या खोलीत गाद्या कोणाच्या रे?"

"गिऱ्हाइकांच्या."

"गिऱ्हाइकं आज रात्री त्यांच्यावर झोपणारेत का?"

"नाही, पण—"

"मग झालं तर. मी दोघींना बोलावून आलेय."

तेव्हापासून पुढच्या खोलीत माझा माल कधी ठेवला गेला नाही. मी मालासाठी मागे छप्पर घातलं. आक्काचा स्वतःचा शेक तेव्हा चालू होता, जेवण पोटात ठरत नव्हतं, भिंतीला धरून चालायची, आणि अशा अवस्थेत ती दुसऱ्यांसाठी भात शिजवत होती. मी आयुष्यात पुष्कळ टणक माणसं पाहिली, मी स्वतः त्यातलाच. पण आक्काच्या शेजारी उभं राहिलं की मी आपला कापूसच.

कलम ३. न्हाणीघर. यातलं काहीही मोडू नये, हलवू नये. शेक कुठे द्यायचा हे ठरवून पोटावर जांभळ्या शाईच्या रेघा काढतात, आणि उपचार संपेपर्यंत त्या राहाव्या लागतात. आक्काने पहिल्याच दिवशी घरी येऊन दगडाने घासून त्या साफ केल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "आक्का, रेघा कुठायत?"

"काढल्या. डॉक्टरीणबाईंपुढे मळक्या अंगाने येऊ होय?"

मापं पुन्हा घ्यावी लागली आणि तिचा त्या दिवसाचा शेक हुकला. पुढे कळलं की नीटनेटकी बाई हटकून हेच करते. तोंडी सांगून उपयोग होत नाही, "हो हो" म्हणतात आणि न्हाणीघरात गेल्या की हात आपोआप दगडाकडे जातो. म्हणून आक्काने रीत घालून दिली. नव्या बाईची रेघा काढल्यानंतरची पहिली आंघोळ तिने एकटीने करायची नाही. जिचा शेक संपत आला आहे तिने आत जाऊन घालायची. पाणी कोमट, हात हलका, रेघांना कडेकडेने टाळून. तेवढ्या वेळात जुनी नवीला सगळं सांगते: काय दुखेल, काय थांबेल, कशाची लाज धरायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की आमच्या खोलीतून येणाऱ्या बायका घाबरलेल्या नसतात. दगड मी न्हाणीघरातून कायमचा काढला आहे.

कलम ४. बसायची उशी. शेकानंतर बाकावर आणि बसमध्ये बसवत नाही, म्हणून मी मध्ये पोकळी सोडलेली उशी काढली. कशी करायची हे कोणाकडून शिकलेलो नाही, स्वतः बसून बसून ठरवलं. कापूस पिंजलेलाच, फोम नको, तो तापतो. शिवण खालच्या अंगाला. हिची नक्कल कोणीही करावी, विकावी, माझं नाव नको. शिवण वर आली तर मात्र माझा शाप.

कलम ५. आक्कानंतर घर कोणाचं, हे आक्काने ठरवून लिहून ठेवावं. मात्र ती बाई याच खोलीत राहून उपचार पुरे केलेली असावी.

कलम ६. मागचं छप्पर, कापूस पिंजायचं यंत्र, शिलाईयंत्र आणि सर्व हत्यारं धाकट्या भावाला. तो कामात हुशार आहे, फक्त त्याला उठवावं लागतं.

वरील मजकूर मी आज सकाळी दोघांना वाचून दाखवला. तेव्हा जे झालं ते इथे नोंदवणं भाग आहे, कारण त्यानंतर बदल करावा लागला.

धाकटा म्हणाला, "दादा, मी भाड्याच्या खोलीत पोरं वाढवतोय. परक्या बायकांना घर आणि मला छप्पर?"

मी म्हणालो, "हो."

"आक्कापुढे बोलू नये, पण तिचा आजार परत आला तर? दोन वर्षांत घर भलत्यांच्या हाती."

आक्का शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "बोल की. मलाही तो हिशेब येतो. तुला घर हवं तर घे, मी दादाला अडवणार नाही. फक्त पुढच्या खोलीतल्या बायकांना तू सांगायचं. मी नाही सांगणार."

तो तावातावाने पुढच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, आम्हाला ऐकू येत होतं. तिथे एकच बाई होती, बोचकं बांधून भिंतीशी बसलेली. तिचा शेक काल संपला.

"तुमचं झालं ना, मावशी? सकाळची बस का सोडली?"

"उद्या एक यायचीय. तिला आंघोळ कोण घालणार?"

"कोण आहे ती तुमची?"

"मला काय ठाऊक, बाबा. अजून आलीय कुठे?"

मग तो बाहेर आला, आक्कासमोर बसला आणि शेंगा सोलू लागला. थोड्या वेळाने त्याने मला विचारलं, "साक्षीदार कोण घेतलेस?"

"एक सिस्टर. दुसरा बघायचाय."

"मला घे."

मी त्याला कायदा समजावला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तू सही केलीस की कलम सहा गेलं, यंत्रंही गेली आणि छप्परही.

तो म्हणाला, "कळतं मला. उद्या आमच्याच घरातलं कोणी कोर्टात गेलं, तर माझीच सही आडवी येईल. लिही."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि सोललेल्या शेंगांची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

म्हणून कलम ६ रद्द. त्यातलं सर्व आक्काला द्यावं. आक्काने ते वापरायला कोणाला द्यावं, यात मी पडत नाही.

याआधी लिहिलेला असा कोणताही कागद सापडल्यास तो चुलीत घालावा. हाच खरा.

स्थळ: घराची मधली खोली
दिनांक: चौदा मार्च, शनिवार

(सही) गादीवाला

आम्हा दोघांसमोर त्याने वाचून सही केली, आणि आम्ही त्याच्यासमोर केली.

साक्षीदार १: (सही) सिस्टर, किरणोपचार विभाग

साक्षीदार २: (सही) धाकटा भाऊ. मला यातून काही मिळत नाही, हे वाचून, समजून.