गुलाबसिंग तांड्याचा सर्व्हर

प्रिय बबिताताई,

तुमच्या तांड्यावरच्या बेबीताई अंगणवाडीच्या मीटिंगसाठी यवतमाळला आल्या आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतोय. फोनवर बोललो असतो, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर टाकून सगळे मिळून ऐकतात. एकटी असताना वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

तुमच्या शिवारात वाघ फिरतोय हे आता तुला कळलंच असेल. आम्हाला ते बरंच आधी कळायला हवं होतं. कळलं नाही, ती भीती अजून गेलेली नाही. जंगलाकाठच्या कॅमेऱ्यांची चित्रं त्या त्या गावातल्या लहान सर्व्हरवर साठतात आणि तिथून आमच्या ऑफिसात येतात. ते सर्व्हर धड आहेत का, हे एक सॉफ्टवेअर बघतं आणि त्या सॉफ्टवेअरकडे मी बघतो. आपली याडी मात्र सांगत फिरते, माझा लेक वाघ सांभाळतो!

सॉफ्टवेअरच्या यादीत तुमच्या ‘गुलाबसिंग तांड्या’पुढे हिरवा दिवा होता, म्हणजे सगळं ठीक. पण चित्रं येईनात. पुन्हा शोध घ्यायला लावला, तर म्हणे असा सर्व्हर सापडत नाही. केबल पाहिली, पासवर्ड पाहिला, काही उमजेना. मग सेटिंग उघडली. संपर्क तुटला तरी शेवटची माहितीच दाखवत राहायची, अशी तिथे कुणीतरी खूण करून ठेवलेली. तो हिरवा दिवा शिळा होता, ताई. दिवस कापूस वेचायचे आणि तुमचं वावर नाल्याला लागून.

शेवटी तुमच्या तांड्याच्या उत्तमसिंग नायकांना फोन लावला. वीज पडून तुमच्याकडचा सर्व्हर बिघडला होता. तो दुरुस्त करणाऱ्याने त्यात घालायला तांड्याचं नाव विचारलं, आणि लोकांनी आजचं नाव सांगितलं. नायक म्हणाले, "गुलाबसिंग नायक गेले ना बाप्पा, आता तांडा उत्तमसिंगचा. मंग जुनं नाव कायले सांगाचं?" आपल्यात तांडा त्या त्या वेळच्या नायकाच्याच नावानं ओळखला जातो, त्यांचं तरी काय चुकलं? इकडे सॉफ्टवेअर बिचारं गेलेल्या गुलाबसिंगला हाका मारत बसलं होतं. यादीत नवं नाव घातलं आणि सर्व्हर लगेच सापडला.

साठलेली चित्रं धडाधड यायला लागली. वाघ होता. नाल्याकाठी, तुमच्या वावराच्या बांधावर, त्या धुऱ्यावर, भर दुपारी. मी ऑफिसातूनच नायकांना आणि वनरक्षकाला कळवलं. आता बाया घोळक्यानं जातात, फटाके वाजवतात. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही.

लहानपणी तू किती भित्री होतीस, आठवतं? सरडा दिसला तरी ओरडून तांडा गोळा करायचीस. मोठी तू, पण अंधारात बाहेर जायचं तर माझा शर्ट धरून. त्यावरून मी तुला लग्नाच्या दिवसापर्यंत चिडवलं. हल्ली फोनवर काहीही विचारलं की तू एकच सांगतेस. सुनीलभाऊजी कसे आहेत? ठीक. जेवलीस का? ठीक. आणि मीही ते ऐकून खुशाल फोन ठेवत आलो.

ताई, त्या चित्रांत तू आहेस. धुऱ्यावर एकटी बसलेली, जवळ ना कापसाचं गाठोडं, ना पाण्याची बाटली. पुढच्या चित्रात कापसाच्या उभ्या पळाटीतून वाघ बाहेर आलाय आणि तू त्याच्याकडे बघतेयस. त्याच्या पुढच्यातही तू तशीच बसलेली. वाघ निघून गेला, तू हलली नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच येऊन बसलीस. ही चित्रं मी कुणाला दाखवलेली नाहीत. वाघाला मी भ्यालोच, पण तुझ्या त्या बसण्यानं माझी झोप उडाली आहे.

मी गुरुवारी येतोय. याडी आजारी आहे, तिनं बोलावलंय, असं तुझ्या घरात सांगेन आणि तुला घेऊन येईन. परत कधी जायचं ते आपण नंतर बघू. याडी ठणठणीत आहे, तेव्हा ते ऐकून घाबरू नकोस. नाही, घाबर. तुला अजून कशाची तरी भीती वाटते, एवढं मला तुझ्या तोंडावर दिसू दे.

तुझाच,
शाम