माझ्या वाट्याचे चौकोन

जुन्नर, रविवार

प्रिय साधना,

आज 'प्रिय' लिहायचं नव्हतं, पण हाताची सवय सुटत नाही. सकाळी चांगदेव कंडक्टरनं तुझं पाकीट आणून दिलं. पुन्हा शब्दकोडं! सलग सोळावं. बघूनच डोकं फिरलं. फाडून फेकणार होते, मग म्हटलं, आधी तुला चार शब्द सुनावावेत.

बावीस वर्षं आपण हे करतोय. पेपरची पुरवणी आली की डिंगोऱ्यात तू जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन अर्थाचे शब्द भरायचीस. नट-नट्या, गाणी, मालिकांतल्या खाष्ट सासवा, एवढे चौकोन माझ्यासाठी मोकळे ठेवून कोडं एसटीनं इकडे धाडायचीस. बाई शाळेत मराठी शिकवणार, पण हिरॉइनचं नाव विचारलं की तोंडाला कुलूप! जुन्या सिनेमावर मी अडले की सत्तार घड्याळाच्या दुकानातून, डोळ्याला लावलेलं भिंगही न काढता, उत्तर ओरडून सांगायचे. निम्म्या वेळा चुकीचं. खाडाखोड दिसली की तू ओळखायचीस, हे भाऊजींचं.

ते दुकानात बसल्या बसल्या गेले आणि तू आली नाहीस. फोनसुद्धा नाही. मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र आलं, आणि त्या रविवारी कोडं. माझे चौकोन मोकळे, जणू काही घडलंच नाही. मी एकालाही पेन्सिल लावलेली नाही. आज पाकिटात चिठ्ठी निघाली. इद्दतीत विधवेला कुणी भेटायचं नसतं ना, शब्दकोशात 'एकांतवास' दिलाय, म्हणून आले नाही म्हणे.

अगं, अक्कल गहाण टाकलीस का? चार महिने दहा दिवस मी घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही, एवढंच. बायकांना कोण अडवतंय? रीघ लागलीय घरात. मढहून तांदूळ विकायला येणारी बायडाबाई, तिला अक्षरओळखही नाही. तिनं तांदळाची पाटी दाराशी ठेवली आणि म्हणाली, मला लई बोलाया येत न्हाई, मी आपली बसते. दोन तास बसली. जाताना माझी भांडी घासून गेली. तू मात्र पुस्तकाला विचारलंस, मला नाही.

आणि खरं सांगू? ती चिठ्ठी मला पटलेलीच नाही. तू घाबरलीस. काय बोलावं सुचेना, म्हणून शब्दकोशाआड लपलीस. एखादा आठवडा तेही समजून घेतलं असतं. सोळा आठवडे, साधना?

अजून सतरा दिवस मला उंबरा ओलांडता येत नाही, नाहीतर आजच डिंगोऱ्याला येऊन तुला फैलावर घेतलं असतं. म्हणून हे लिहितेय. तू ये. कोडं आणू नकोस, सांत्वनाचे शब्दही शोधत बसू नकोस. आल्यागेल्या सगळ्यांसमोर मी 'अल्लाची मर्जी' म्हणत मान हलवलीय. पण मला सत्तारांचा भयंकर राग आलाय. एका शब्दानं न सांगता असे कसे उठून गेले? विधवेनं असं बोलायचं नसतं. मुलांसमोर नाही, नणंदांसमोर तर नाहीच. तुझ्यासमोर मला मोठ्यानं बोलायचंय.

रागावलेली, तरी तुझीच,
सायराबानू