अंगठ्याची पारख

बुधवार, दिवेलागणीला

आज गल्लीत धारवाले चाचा आले, म्हणून विळीला न् भाजीच्या चाकूला धार लावून घेतली. धार मी अंगठ्यानंच बघते, नवा चाकू घेतानासुद्धा. शेजारणीही त्यांचे चाकू पारखायला माझ्याकडंच आणतात. पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, काही लागलं न्हाई. दाबून फिरवला. तरी न्हाई.

चाचांवर खेकसले, "काहून फसवून राहिले तुमी? बोथटच हाय की!"

"बराबर लावली, बाई," ते म्हणाले.

तेवढ्यात सून ओरडली, "आत्याबाई, रक्त!"

माझ्याच पदरावर थेंब पडत होते. अंगठा चांगला चिरला होता, न् मला पत्ताच न्हाई. आत्ता लिहितानाही दुखत न्हाई.

शुगरनं तळपाय बधिर झालेत, हे घरात कुणाला सांगितलं न्हाई. पण हात? हा अंगठासुद्धा? मग उद्यापासून मी कशावर भरवसा ठेवू?

सुनेला म्हटलं, "घाईत लागलं." चाचांकडं बघवलं न्हाई. लिहायला बसायच्या आधी गरम पाण्यानं हात धुतला.

गरमच असंल. वाफ निघत होती.