एक फूट खोल

३ फेब्रुवारी, सोमवार

आज तिचं टेबल रिकामं केलं. अकरा वर्षांची नोकरी, आणि एक खोकंसुद्धा धड भरलं नाही! चष्म्याचं घर, रंगीत पेन्सिली, मातीच्या तीन बाटल्या. खालच्या खणात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. बाबा विसरतात म्हणून तिने तिथेही एक ठेवली होती. ती पाहिली आणि मी खुर्चीवर बसलोच. शिपाई म्हणाला, "काका, पाणी आणू?" नको म्हटलं. त्याने आणलं, मग प्यायलो.

चोविसावा दिवस. ही म्हणते, दिवस मोजू नका. मी कुठे मोजतो? ते आपोआप मोजले जातात.

मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. म्हणाले, "तिचा अहवाल मी पुरा करतोय. तिने भरलेले सगळे आकडे कॉम्प्युटरवर आहेत. रानाच्या तिन्ही तुकड्यांत मातीतला कर्ब वाढलाय, ओढ्याकडच्यातसुद्धा. पुढच्या महिन्यात तो तुकडा गुरांना खुला करता येईल. पहिलं नाव तिचंच राहील." पहिलं नाव! मी खोकं उचललं. साहेब म्हणाले, "या आता."

घरी येताना अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. तिच्या खोलीचा पंखा बंद केला होता की नाही? केला होता.

५ फेब्रुवारी

लिहून ठेवतो, नाहीतर तिचे शब्द हातातून निसटतील. मी सहावी शिकलेला माणूस. माती संशोधन केंद्रात नमुन्यांसाठी खड्डे घ्यायला लागलो आणि त्यातच म्हातारा झालो. कर्ब म्हणजे काय हे मला माझ्या पोरीने शिकवलं. घरात ती ठकी, केंद्रात मॅडम. मी रानात चुकून "ठकी, पिशवी दे" म्हटलं की सगळे हसायचे. ती सर्वांत जास्त.

तिचं म्हणणं असं. हे रान एवढं मोठं, झाडं विरळ, बाकी सगळं गवत. लोक गवत बघून ठरवतात रान बरं आहे की आजारी. पण एक पाऊस चांगला झाला तरी गवत उभं राहतं. "बाबा, गवत म्हणजे चेहरा. कर्ब म्हणजे रक्त. मुळं कुजून, शेण मुरून वर्षानुवर्षं जे मातीत साठतं ना, ते खोटं बोलत नाही."

म्हणून तीन तुकडे. कुंपणाचा — तिथे एकही जनावर नाही. मधला — थोडी गुरं. ओढ्याकडचा — तिथे पूर्वी एवढी गुरं चरली की जमीन टणक झाली, म्हणून तो बंद ठेवलेला. अकरा वर्षं, कोरड्या दिवसांत, ठरलेल्या जागी मी माती काढायचं गिरमिट फिरवायचं, बरोबर एक फूट खोल. ती माती पिशवीत भरून चिठ्ठी बांधायची. मी निवृत्त झालो तरी हे काम सोडलं नाही. शेवटची पिशवी बांधली की हात पुढे करायची, "द्या इकडे, तेल लावून ठेवते." दुसऱ्या दिवशी गिरमिट चकचकीत होऊन परत.

आणि शेवटच्या महिन्यात ती म्हणाली, बाबा, दम लागतो. मी म्हटलं, "चेहरा तर टवटवीत आहे तुझा!"

मी म्हटलं. मीच.

तीन आठवड्यांत गेली. रक्ताचंच निघालं.

६ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर पडून.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचा निरोप — यंदाचे नमुने राहिलेत, जागा तुम्हालाच ठाऊक, घ्याल का? ही म्हणाली, "जा. घरात बसून कड्या-कुलपं ओढत बसता, ती तरी झिजायची थांबतील."

स्टोअरकीपरने नवं गिरमिट दिलं. मी म्हटलं, माझं आहे. तो म्हणाला, "काका, तुमचं ते आता म्युझियमला द्या. हे आलंय तर न्या. त्याच कंपनीचं आहे, त्याच मापाचं." वाद घालायला अंगात जोर नव्हता. आणलं.

११ फेब्रुवारी

नव्या दांड्यावर खाच पाडायची होती. खाच जमिनीला टेकली की थांबायचं, म्हणजे एक फूट झाला, अशी आमची रीत. जुन्यावर अकरा वर्षांपूर्वी मीच कानशीने पाडलेली. तीच उतरवू म्हणून दोन्ही गिरमिटं ओसरीवर शेजारी ठेवली, मुठीला मूठ लावून.

टोकं जुळेनात.

परत लावली. परत. टेप आणला. जुन्याचं, खाचेपासून टोकापर्यंत, पावणेअकरा इंच. बारा हवेत!

आमची माती खडीची. सव्वा इंच खाऊन टाकलं तिने, दरसाल थोडंथोडं, आणि मी खाचेकडे बघत राहिलो. टोकाकडे कोण बघतं? टोक तर मातीत असतं.

१२ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, पित्त.

कर्ब वरच्या मातीत जास्त, खाली कमी. दुधावरच्या सायीसारखा. चमचा कमी बुडवला की साय जास्त येणार, हे लहान पोराला कळेल. दरसाल मी थोडं कमी खोल गेलो. दरसाल साय जास्त आली. कर्ब वाढला!

वाढला नाही. माझं गिरमिट झिजलं.

१३ फेब्रुवारी

चार वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, बाबा, नवं मागवू या का? मी किती बोललो तिला! "हत्यार बदललं की हात बदलतो. तुझ्या जन्माआधीपासून खड्डे घेतोय मी. मॅडम झालीस म्हणून मला शिकवणार?" दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती जिलेबीसारख्या वेटोळ्या अक्षरातली चिठ्ठी माझ्या जेवणाच्या डब्यावर ठेवून गेली — "रुसूबाई, रानात चला." पुन्हा नव्याचं नाव काढलं नाही.

चूक माझी. आणि अहवालावर पहिलं नाव तिचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टोपीवाला आला होता. ओढ्यापलीकडे याचा दोनशे गुरांचा कळप. उन्हापावसात एकच टोपी, म्हणून टोपीवाला. येताना दुधाची किटली घेऊन आला. म्हणाला, "मामा, तुमच्या कपाळावर आठ्या आणि माझ्या गाईच्या बरगड्या, कोण जास्त ते मोजू एकदा." हिला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

मग खाली बघत म्हणाला, "पोरीने जाता जाता आमची सोय केली. तो तुकडा मिळाला तर माझी जनावरं जगतील. तिचं नाव काढतील सगळे."

मी दुधाकडे बघत बसलो. दूध! त्यावर साय धरली होती.

गप्प बसलो तर कोणाला कळणार? तिचं नाव राहील, याची गुरं चरतील. आणि चार वर्षांत तो तुकडा खडकासारखा होईल. मग टोपीवाल्याच्याच गुरांना तोंड घालायला जागा नाही. आणि लोक म्हणतील, मॅडमने सांगितलं होतं रान बरं आहे.

तिने. जिने मला शिकवलं की चेहऱ्यावर जाऊ नका.

१७ फेब्रुवारी

नवं गिरमिट घेऊन ओढ्याकडच्या तुकड्यात गेलो. एकटाच. पिशवी धरायला माणूस नाही, दातात धरली. पूर्ण एक फूट गेलो. गिरमिट वर काढलं. वरची माती तपकिरी, आणि टोकाला दोन बोटं फिकट, पिवळट. ही माती वर्षागणिक माझ्या गिरमिटाला लागायची थांबली होती.

तिथेच बसून रडलो. बघायला वारुळांशिवाय कोणी नव्हतं, ते बरं.

२० फेब्रुवारी

हिला सांगितलं. वाटलं, चिडेल. तिने पदराचं टोक चुरगाळलं. मग म्हणाली, "तिचं नाव जाईल हो."

"जाईल."

"आणखी काय काय जायचं राहिलंय आपलं?"

मग स्वतःच उठली. माझा इस्त्रीचा सदरा काढून खुर्चीवर ठेवला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. दोन्ही गिरमिटं साहेबांच्या टेबलावर ठेवली, मुठीला मूठ लावून. काही बोलावं लागलं नाही. साहेबांनी दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं. मग टेपने स्वतः मोजलं.

"काका, हे अकरा वर्षांत कधी पाहिलं नाहीत?"

"नाही."

"दरसाल किती झिजलं, हे आता कसं कळणार? एकाही वर्षाचा आकडा धरता येणार नाही."

मी म्हटलं, साहेब, तिचं नाव काढू नका. खाली लिहा की बाप अडाणी होता. साहेब खिडकीकडे वळले. म्हणाले, अहवाल थांबवावा लागेल. अकरा वर्षांचं काम आहे हो, काका. एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी

टोपीवाला फाटकाशीच उभा राहिला. आत आला नाही. "मामा, तोंड बंद ठेवायला काय झालं होतं? मेलेल्या पोरीचीसुद्धा दया नाही आली?" मी म्हटलं, ये, बस. गेला. किटली फाटकाबाहेर विसरला होता, ती धुऊन ठेवली आहे.

२६ फेब्रुवारी

तिचं सगळं गेलं. आधी ती, मग तिचं काम. दोन्ही वेळेला मी शेजारी उभा होतो आणि मला दिसलं नाही.

२ मार्च, रविवार

हिने आज तिचा रेनकोट उन्हात टाकायला काढला. आतल्या खिशात लहानशी वही. अकरा ओळी. प्रत्येक ओळीत वर्ष, शेवटची पिशवी बांधल्याची तारीख, आणि पुढे माझ्या गिरमिटाची लांबी, मिलिमीटरमध्ये. दरसाल थोडी कमी. शेवटच्या ओळीखाली तिच्या अक्षरात —

"कॉम्प्युटरवरचे आकडे कच्चे आहेत. अहवालाआधी सगळे या झिजेप्रमाणे दुरुस्त करायचे. करून पाहिले. ओढ्याकडचा तुकडा खालावतोय, कळप सोडू नये. बाबांना कळू द्यायचं नाही."

द्या इकडे, तेल लावून ठेवते.